वाटणीची गोष्ट

ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) कातकरी बोलीला मराठीच्या परिघावर जागा मिळाली. सर्वेक्षणाने बोलीबोलींतून मागवलेला ठरीव नमुना म्हणजे बायबलमधील उधळ्या पुत्राचा दृष्टान्त. तुलनेसाठी एकच संहिता असावी, ही पद्धतिशास्त्रीय गरज समजण्याजोगी आहे. परंतु या कथेचा आरंभच मुळी धाकट्या मुलाने बापाकडे मिळकतीचा वाटा मागण्याने होतो. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून कात काढण्यावरून जिला नाव पडले, त्या जमातीपाशी वाटून घेण्याजोगी मिळकत सहसा नव्हतीच. नमुना नोंदला गेला. भाषकांना स्वतः काय सांगायचे होते, ते मात्र नोंदीबाहेर राहिले.

कर्जत-मुरबाड रस्त्यावरील कशेळ्याच्या आसपासच्या कातकरवाड्यांत ही अडचण आजही वेगळ्या रूपाने भेटते. ‘तुमच्याकडे याला काय म्हणतात?’ असे पाहुण्या अभ्यासकाने विचारले, की उत्तर बहुधा मराठीतच येते. ते अज्ञान नव्हे. शेठ, मुकादम आणि मास्तर यांच्यासमोर अंगवळणी पडलेली ती सावधगिरी आहे. शिवाय दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात. विद्यापीठाच्या सुट्टीत शब्द गोळा करायला निघालेल्याला वाडी अर्धीअधिक रिकामी सापडते.

या संदर्भात डॅनिअल बकल्स आणि राजीव खेडकर यांनी बन्सी घेवडे यांच्यासह लिहिलेले ‘फायटिंग एव्हिक्शन’ (२०१३) हे पुस्तक भाषाभ्यासकानेही वाचावे असे आहे. त्याचा विषय भाषा नव्हे. दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर वसलेल्या कातकरवाड्या आणि त्यांच्यावरील विस्थापनाचे सावट हा आहे. मात्र तेथील संशोधन वाडीकरांना सोबत घेऊन उभे राहते. प्रश्न कोणता महत्त्वाचा, हे ठरवण्यातही त्यांचा वाटा असतो.

भाषेच्या दस्तऐवजीकरणाने घ्यावयाचा धडा हाच आहे. बोली टिकते ती ऐकणारी माणसे एकत्र राहतात म्हणून. वाडी उठली, तर कोश उरेल, संवाद उरणार नाही. म्हणून नोंदीचा आरंभ शब्दयादीने न होता, कडूकांद्याचा कडवटपणा कसा काढावा, भट्टीवरची उचल कशी फिटत नाही, घराखालची जमीन कोणाची, अशा वाडीनेच निवडलेल्या कथनांनी व्हावा. वाटा मागणारी ती गोष्ट मग अनुवादित उरणार नाही.