डॉर्सेटमधली एक वाट

इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यात क्लाउड्स हिल नावाचे एक इवलेसे पांढरे घर आहे. 'अरबस्तानचा लॉरेन्स' येथे राहत असे. मोटारसायकलवर त्याचा भारी जीव! घराकडे येणारी वाट खालीवर होत जाते. १९३५ च्या मे महिन्यात याच वाटेवर सायकलवरची दोन मुले त्याला चढउतारामुळे ऐनवेळी दिसली. त्यांना चुकवताना तो फेकला गेला. डोक्यावर हेल्मेट नव्हते. सहा दिवसांनी तो वारला. जवळच्या मोरटन गावी त्याचे थडगे आहे.

त्याला तपासणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. पुढे त्यांनी मोटारसायकलस्वारांच्या अपघातांचा अभ्यास १९४१ साली प्रसिद्ध केला. हेल्मेटने डोके वाचते हे दाखवले. १९७३ साली ब्रिटनमध्ये ते सक्तीचे झाले. १९९० पासून तर नवशिक्याला आधी मैदानात ब्रेक आणि वळणे शिकावी लागतात, मग शिक्षकाबरोबर निदान दोन तास रस्त्यावर. एकट्याने जाणे त्यानंतर.

आपल्याकडे पाडव्याला नवी गाडी दारात येते, तिला हार घालतात, नारळ फोडतात. वाचकहो, त्या पूजेत हेल्मेटही ठेवा, आणि चिरंजीव निघाले की हनुवटीखालचा पट्टा आवळला आहे ना, तेवढे पाहा. लॉरेन्स काही नवशिका नव्हता.