कप्तानाच्या खुर्चीतून

'स्टार ट्रेक' या अंतराळप्रवासाच्या टीव्ही मालिकेवरचा पहिला गाजलेला गेम कुठल्याच कंपनीनं काढला नव्हता. एनबीसीवरची मूळ मालिका १९६९ साली बंद पडली आणि १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माइक मेफील्ड नावाच्या शाळकरी मुलानं अर्व्हाइन विद्यापीठाच्या सिग्मा ७ संगणकावर हा गेम लिहिला. परवानगी वगैरे भानगड नव्हतीच. पुढच्या वर्षी ह्यूलेट-पॅकार्डच्या संगणकासाठी त्यानं तो नव्यानं लिहून काढला, १९७३ मध्ये डेव्हिड आल यांच्या बेसिक या संगणकभाषेतल्या गेम्सच्या पुस्तकात तो छापून आला आणि बॉब लीडम यांनी सुधारणा केल्यावर 'सुपर स्टार ट्रेक' म्हणून जगभर पोचला. लोक पुस्तकात बघून ओळीन् ओळ टाइप करत.

मी गेम डिझाइन करते, आणि या मालिकेवरचा कुठलाही गेम अजून त्याच मापानं मोजते.

आकाशगंगेचे आठ गुणिले आठ चौकोन. मालिकेतल्या एंटरप्राइझ या अंतराळजहाजाकडे तीन हजार एकक ऊर्जा, दहा टॉर्पेडो आणि मोजकी मुदत. दूरच्या चौकोनाची टेहळणी केली की हाती येतो फक्त तीन अंकी आकडा. २०७ म्हणजे शत्रूची, क्लिंगॉनांची, जहाजं दोन, तळ एकही नाही, तारे सात. जायचं का तिथे? प्रवासाला ऊर्जा लागते, फेझर या किरणास्त्राला लागते, ढालीलाही त्याच साठ्यातून द्यावी लागते. ढाल भक्कम केली तर मारा लुळा पडतो. चित्र एकही नाही, तरी घाम फुटतो, कारण खेळणाऱ्याला नेम धरायचा नसतो, निर्णय घ्यायचा असतो.

सेगानं १९८२ साली आर्केडमध्ये आणलेल्या गेमला बसायला झोकदार खुर्ची होती, कप्तानकी मात्र फारशी नव्हती. इंटरप्लेच्या १९९२ च्या 'ट्वेंटी-फिफ्थ ॲनिव्हर्सरी'नं ती परत आणली. मालिकेतला कप्तान कर्क आणि त्याचे सहकारी स्पॉक, मकॉय ग्रहावर उतरतात, बोलतात, शोध घेतात, आणि मोहीम संपली की त्यांचं अंतराळ आरमार स्टारफ्लीट तुमच्या वागण्याला गुण देतं. उगाच रक्तपात केलात तर शेरा घसरतो. गोळी न झाडल्याबद्दल शाबासकी देणारे गेम तेव्हा कितीसे होते?

२००० सालचा 'एलिट फोर्स' नेमबाजीचा गेम म्हणून फर्डा आहे, पण त्यातलं व्हॉयेजर हे मालिकेतलं जहाज काढून दुसरं कुठलंही घातलं तरी चालेल. 'ब्रिज कमांडर' (२००२) मला जास्त जवळचा. त्यात अधिकाऱ्यांना हुकूम देता येतात आणि शत्रूच्या जहाजाचा नेमका कोणता भाग निकामी करायचा, हे ठरवता येतं.

मग कोर्टबाजी. २००३ मध्ये मालिकेवर गेम काढायचा परवाना घेतलेल्या ॲक्टिव्हिजन कंपनीनं मालिकेची मालक वायाकॉमवर दावा ठोकला: तुम्ही मालिका कोमेजू दिलीत, आमच्या परवान्याची किंमत बुडाली. पुढे तडजोड झाली. मला हा दावा अर्धवट वाटतो. ज्या मालिकेला अधिकृत परवान्याविना लिहिलेल्या गेमनं विद्यापीठांतल्या संगणकांवर जिवंत ठेवलं, तिचे गेम पडले तर दोष सगळा पडद्यावरच्या मालिकेचा कसा?

'सुपर स्टार ट्रेक' आजही इंटरनेटवर फुकट मिळतो. दिवाळीच्या सुट्टीत घरातल्या मुलांना देऊन बघा. शेजारी कागद आणि पेन्सिल ठेवा, कारण कुठल्या चौकोनात काय दिसलं हे टिपून ठेवल्याशिवाय मुदतीत क्लिंगॉन संपत नाहीत.