आबांची लाइन

चितारआळीमुळे लाकूडकाम आणि रंग या गोष्टी सावंतवाडीत कुणाला नव्या नाहीत. मी पाट, चौरंग, देव्हारे करते. त्यांना ब्रशऐवजी स्प्रे गनने लॅकर मारायचं ठरवलं आणि कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातून 2 एचपीचा जुना कॉम्प्रेसर टेम्पोत घालून आंबोली घाटाने खाली आणला. तो मागच्या पडवीत उतरवला, इथपर्यंतच माझं कर्तृत्व. पुढचं सगळं आबांचं. आबा नात्याचे नव्हेत, तीन घरं सोडून राहणारे शेजारी.

आबा परळच्या एका गिरणीत पाइप फिटर होते. बॉयलरपासून खात्याखात्यांत गेलेल्या वाफेच्या लाइनी, पाण्याच्या, हवेच्या, सगळ्या त्यांच्या हाताखालच्या. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले, त्यांत आबा होते. संप लांबत गेला तसे ते गावी आले आणि गावचेच झाले. इथे त्यांनी नळ जोडले, विहिरींवर पंप बसवले. पण वाफेची लाइन कशी टाकायची हे ज्ञान गावात कुणाच्या कामाचं? ते इतकी वर्षं त्यांच्याजवळ तसंच पडून होतं. माझ्या कॉम्प्रेसरच्या निमित्ताने ते बाहेर आलं आणि सगळंच्या सगळं माझ्या पदरात पडलं.

कॉम्प्रेसर बघायला आले तेव्हा त्यांनी मोटारीकडे पाहिलंही नाही. गुडघे टेकून टाकीखालचा ड्रेन कॉक उघडला. विटकरी पाणी आलं, मागोमाग गंजाचे पापुद्रे. मी स्विचकडे वळले, तर म्हणाले, "घाई कित्याक गो बाय? हवा खंय पळान जाता? आधी टाकी पाण्यान भरया."

त्यांनी बाजारातल्या एका प्लंबरकडून प्रेशर टेस्टचा हातपंप मागून आणला. टाकीची सगळी तोंडं प्लग लावून बंद केली, फक्त वरचं एक उघडं ठेवलं आणि त्यातून पाणी काठोकाठ भरेपर्यंत नळ चालू. आत हवेचा बुडबुडाही राहता कामा नये, म्हणून टाकी थोडी कलती करून पुन्हा भरली. मग ते तोंड हातपंपाला जोडलं. टाकी चालणार 8 किलो प्रेशरवर, आबांनी काटा 12 वर नेला आणि समोर स्टूल टाकून बसले. काटा हलतो का, वेल्डिंगच्या सांध्यांना पाझर फुटतो का, हे बघत अर्धा तास. पाणी दाबलं जात नाही, म्हणून टाकी कुठे कच्ची असलीच तर थेंब गळतो आणि काटा खाली येतो, एवढंच होतं. तीच टाकी हवेने भरून फुटली, तर आत कोंडलेली सगळी ताकद एका क्षणात बाहेर पडते आणि पत्र्याचे तुकडे माणसाच्या अंगावर येतात. जुनी टाकी घेणाऱ्या प्रत्येकाने ही चाचणी करून घ्यावी असं मला कळकळीने वाटतं. माझी टाकी कसोटीला उतरली. तरी सेफ्टी व्हॉल्व्ह आबांनी नवाच बसवायला लावला.

लाइनसाठी पीव्हीसी पाइप स्वस्त पडला असता, पण आबांनी तो विषयच काढू दिला नाही. दाबाखाली पीव्हीसी तडकला की त्याचे सुरीसारखे तुकडे उडतात. अर्ध्या इंची जीआय पाइप आला. आबांनी घरून स्वतःची डाय आणली आणि पाइप शिकंज्यात धरून, तेल सोडत आटे पाडले. टेफ्लॉन टेप आट्याच्या दिशेनेच गुंडाळायची आणि टोकाचा पहिला आटा उघडा सोडायचा, म्हणजे टेपची चिंधी लाइनमध्ये जाऊन गनमध्ये अडकत नाही. कॉम्प्रेसर आणि भिंतीवरची लाइन यांच्यामध्ये हातभर रबरी होज घातला, कारण मशीन थरथरतं आणि ती थरथर सरळ पाइपात गेली की सांधे ढिले होतात.

खरी विद्या होती ती पाण्याची. पावसाळ्यात आमच्याकडच्या एका घनमीटर हवेत 20 ते 25 ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. हीच हवा दाबून नवव्या हिश्शाएवढी केली आणि ती थंड झाली, की बहुतेक पाणी सुटं होतं. माझा कॉम्प्रेसर मिनिटाला साधारण 200 लिटर हवा ओढतो. तासभर सलग चालला तर पाव लिटरपर्यंत पाणी निघतं. त्यातला एक थेंब गनपर्यंत पोचला, तरी लॅकरवर फोड येतो नाहीतर पांढुरकी झाक धरते.

गिरणीत वाफेच्या लाइनीत साचणाऱ्या पाण्याचं जे करायचे तेच आबांनी इथे केलं. मीटरला एक सेंटिमीटर असा उतार दिला. गनसाठीचा फाटा लाइनच्या पोटातून न काढता पाठीवरून वर काढला आणि वळवून खाली आणला, म्हणजे तळाने वाहणारं पाणी त्यात शिरत नाही. लाइनच्या शेवटी एक पाय खाली सोडून त्याला बॉल व्हॉल्व्ह. "पाण्याक उतार दी, मगे ता आपला आपण जाता." फाट्यावर फिल्टर आणि रेग्युलेटर बसवला, ल्युब्रिकेटर मुद्दाम वगळला. तेलाचा अंश रंगाला चालत नाही.

शेवटी रिठ्याच्या पाण्याचा फेस करून ब्रशने प्रत्येक सांध्याला लावला. एक मिलिमीटरचं भोकसुद्धा 7 किलोच्या दाबाला मिनिटाला 70 लिटरच्या आसपास हवा सोडतं. म्हणजे माझ्या मशीनची एक तृतीयांश कमाई, आणि त्या हवेचं विजेचं बिल वेगळं. एका युनियनवर बारीक फुगे धरले. आबांनी तो सांधा उघडून पहिल्यापासून केला.

मजुरीचा विषय मी पुनःपुन्हा काढला. "पैशे कसले गो?" यापलीकडे उत्तर नाही. डायसुद्धा माझ्याचकडे ठेवून गेले, पुढे लाइन वाढवशील म्हणाले. गिरणीतून ते गावी आले ते रिकाम्या हाताने. तिथली जी एकच गोष्ट त्यांच्यापाशी उरली होती ती त्यांनी मला देऊन टाकली, आणि त्याबद्दल मी काही देणं लागते हे त्यांना मान्यच नाही. मला हे सोपं जात नाही, आजही.

चतुर्थीच्या आधी मीच त्यांच्या घरी जाऊन गणपतीवर टांगायची माटवी मागून आणली. त्यांच्या वडिलांच्या वेळची सागवानी चौकट. नारळ, तवशी, कवंडळं बांधून बांधून पट्ट्यांवर सुतळीचे वळ उठलेले. घासली, दोन हात सीलर, वर दोन हात लॅकर. ऐन पाऊस होता, तरी एक फोड आला नाही. आबांनी ती उजेडात धरून चारही बाजूंनी पाहिली, कडांवरून अंगठा फिरवला. मग खिशातून पैसे काढून लॅकर आणि थिनरचा हिशेब विचारला. मी नको म्हणत राहिले. "लाइन माझी, लॅकर तुझा," असं म्हणून त्यांनी नोटा माझ्या हातावर ठेवल्या आणि सुटे परत मागितले.