फुटलेला पराठा कुणाचा?

एरवी साडेपाचलाच आमच्या गल्लीत कंपन्यांच्या बसचे हॉर्न सुरू होतात आणि फर्स्ट शिफ्टवाले डबे सावरत नाक्याकडे धावतात. सुट्टीच्या सकाळी मात्र बोईसर जरा उशिरा जागं होतं. आज ऐकू येतेय ती एकच शिट्टी, आमच्या कुकरची. आत कोनफळ शिजतंय.

थंडीत पालघरच्या बाजारात कोनफळं येतात. वरून ओबडधोबड, मातीने माखलेली, पण कापली की आतून गर्द जांभळी. सोलताना हाताला तेल चोळायचं, नाहीतर खाज सुटते. शिजल्यावर गुठळी न ठेवता कुस्करायचं आणि त्यात पातीचा लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ, लिंबू घालायचं. एवढंच सारण.

मी वाढले भाकरीच्या घरात. आई तांदळाच्या पिठाची उकड काढायची, ती मळून पाण्याच्या हाताने भाकरी थापायची. तांदळात गव्हाचा चिवटपणा नाही, ताणायला गेलं की तो तडकतो. म्हणून तर आमची पानगी केळीच्या पानात निजून भाजली जाते. उकडीचा मोदक पोटात सारण घेतो खरा, पण तो लाटून दाखवा! सारण भरून लाटलेली अशी आमच्याकडे एकच, होळीची पुरणपोळी. तीही सणाची. रोजच्या न्याहारीला कुणी सारण भरत बसेल, हे आईला पटलंच नसतं.

१९६९ साली तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं, पाठोपाठ एमआयडीसी आली आणि देशभरची माणसं बोईसरला उतरली. त्यांच्या ट्रंकांमधून त्यांची न्याहारीही आली. लग्नानंतर चाळीत आमच्या भिंतीला भिंत लागून एक पंजाबी भाभी राहायच्या. रविवारी त्यांच्या तव्यावरचा तुपाचा वास आमच्या खोलीत शिरायचा. एकदा धीर करून मीही बटाट्याचे पराठे करायला घेतले. पहिला फुटला, दुसरा फुटला, तिसऱ्याचं सारण थेट तव्यावर. भाभी आल्या. हसल्या नाहीत. त्यांनी बोटाने माझी कणीक दाबून पाहिली, मग सारण दाबलं आणि म्हणाल्या, ‘‘दोनो एक जैसा नरम होना चाहिए.’’

मी बघतच राहिले. होळीला आई अगदी हेच करायची. आधी कणकेत बोट, मग पुरणात बोट, दोन्हींचा मऊपणा जुळला की मगच पोळपाट पुढे ओढायची. या दोघी कधी भेटल्या नाहीत, पण बोट दोघींचं एकच.

त्यानंतर माझा पराठा सहसा फुटला नाही. आता तर कोनफळ इतकं सरकतं की लाटताना कणकेखालून जांभळी झाक कडेपर्यंत पोचलेली दिसते. लाटणं हलक्या हाताने फिरवायचं, जोर मध्यावर नाही, कडेवर. तव्यावर टाकला की आधी कोरडा भाजायचा, उलटायचा, मग तूप.

तरी घाणा म्हटला की एखादा फुटतोच. तो कुणाचा, हे घराघरात न बोलता ठरलेलं असतं. आईच्या ताटात मी कधी अख्खी पुरणपोळी पाहिली नाही. फुटलेली, करपलेली, शेवटच्या गोळ्याची वेडीवाकडी, तीच तिची. ‘‘मला अशीच आवडते,’’ ती म्हणायची आणि आम्हाला ते खरं वाटायचं. पुढे मीही तेच करू लागले, तेच म्हणू लागले. तव्यापाशी उभ्याउभ्या, गार चहाबरोबर. मुलगा एकदा म्हणाला, ‘‘आईला फुटलेलाच आवडतो.’’ माझंच वाक्य त्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा कळलं, मला तो कधीच आवडला नव्हता.

आता आमच्याकडे दोन नियम आहेत. सगळे पराठे झाल्याशिवाय कुणी पहिला घास घ्यायचा नाही. ते फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवायचे आणि सगळ्यांनी एकदमच बसायचं. दुसरा नियम, फुटलेला पराठा ज्याने लाटला त्याचा.

आज शेवटचे चार मुलाने लाटले. दोन फुटले. माझ्या ताटात अख्खा होता.