‘सह’ या शब्दात काय काय मावतं

‘कॅबरे’ म्हटलं की आपल्याला अजून हेलन आठवते. मंद दिवे, खलनायकाचा अड्डा, आणि नायकाला निसटून जायला मिळालेली पाच मिनिटं. युरोपातलं कॅबरे एवढंच नव्हतं. ट्रूडे हेस्टरबर्ग नावाच्या गायिकेनं १९२१ साली बर्लिनमध्ये एका थिएटरच्या तळघरात स्वतःचं कॅबरे काढलं. गायची ती, आणि चालवायचीही तीच. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर मात्र कांताबाई सातारकर आल्या.

कांताबाईंचा जन्म १९३९चा, गुजरातेतला. आईवडील दगडाच्या खाणीवर मजूर. वाढल्या साताऱ्यात, म्हणून सातारकर. पुढे तुकाराम खेडकरांच्या फडात आल्या, त्यांच्याशी संसार केला. गाणं, नाच, वगातली भूमिका, सगळ्यात तयार. पुरुषांच्या भूमिकाही करायच्या, अगदी शिवाजी महाराजांचीसुद्धा. १९६४ साली खेडकर गेले. पदरात लेकरं. काही वर्षांनी या बाईनं स्वतःचा फड उभा केला.

फड उभा करणं म्हणजे काय, हे रील बघून कळत नाही. मोठ्या फडात शंभराच्या वर माणसं असतात. ढोलकीवाला, हलगीवाला, सोंगाड्या, मावशी, नाचणाऱ्या पोरी, स्वयंपाकी, तंबू ठोकणारे, ड्रायव्हर. हंगाम साधारण दसऱ्याला सुरू होतो आणि बुद्धपौर्णिमेला संपतो. त्याआधी कलावंतांना उचल द्यायची, म्हणजे मालकिणीनं आधी कर्ज काढायचं. पाडव्याच्या सुमारास नारायणगावला फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, भाव ठरतो, सुपारी होते. रात्री गण, गवळण, बतावणी, मग वग. आज कोणता वग लावायचा, कुणाला पुढे आणायचं, पब्लिक उठायला लागलं तर काय कापायचं, हे सगळं मालकीण बघणार आणि पायात चाळ बांधून स्वतःही उभी राहणार. सिनेमात याला निर्माती-दिग्दर्शिका म्हणतात. तमाशात ‘बाई’ म्हणतात.

मी नरसी नामदेवची. आमच्याकडे आषाढात परतवारीला गाव माणसांनी भरून जातं आणि कीर्तनाला बसायला जागा मिळत नाही. कीर्तनकाराकडे नीट बघा. अभंग तो निवडतो, टाळकऱ्यांना हातानं थांबवतो, सुरू करतो, मध्येच सासू होतो, मध्येच देव. गायक, नट, दिग्दर्शक, सगळं एकच माणूस. याचं कुणाला नवल वाटत नाही. आमच्या गावच्या मातीला तर याची सवयच आहे. कीर्तनात नाचणारे नामदेव इथलेच.

मी चार पोरींना घेऊन भारुडाचा कार्यक्रम करते. बसवते मी, गाते मी, गाडीवाल्याचे पैसेही मीच देते. मागच्या वर्षी एका गावाहून फोन आला.

‘ताई, व्यवहाराचं कोणाशी बोलायचं?’

‘माझ्याशीच बोला की.’

‘तसं नाही हो, घरातलं मोठं माणूस कोणी असंल तर त्यांच्याकडं द्या ना फोन.’

माणूस वाईट नव्हता. आवाजात आदरच होता, तोच जास्त लागला.

त्यानंतर मी तमाशाचे बोर्ड निराळ्या नजरेनं वाचायला लागले. कांताबाईंच्या फडाचं नाव पुढे ‘रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर’ असं झालं. रघुवीर त्यांचा मुलगा, स्वतः नावाजलेला सोंगाड्या. मुलाचं नाव पुढे करण्यात आईचा आनंदही असणार, तो माझ्या हिशोबानं खोडता येत नाही. तरी तो ‘सह’ डोळ्यांत खुपतो. विठाबाई नारायणगावकरांच्या लेकीच्या, मंगला बनसोडेंच्या बोर्डावर क्रम उलटा आहे: आधी मंगलाबाई, मग ‘सह नितीनकुमार’. नितीनकुमार त्यांचा मुलगा. म्हणजे तसंही लिहिता येतं, तंबू पडत नाही.

कांताबाईंना राज्य शासनाचा विठाबाईंच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार मिळाला. मे २०२१ मध्ये त्या गेल्या. कोरोनामुळे सलग दुसऱ्या वर्षी जत्रा बंद होत्या, आणि ऐन यात्रांच्या दिवसांत राज्यभरातल्या फडांचे तंबू गुंडाळून ठेवलेले होते.