ठपका

चौतीस वर्षे राज्य सरकारच्या सेवेत फायली वाचण्यात गेली आणि निवृत्तीनंतर आम्ही समुद्र पाळला, तोही इंदूरमध्ये! जलूदहून येणारे नर्मदेचे पाणी गाळून शुद्ध करावयाचे व त्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम सागरी मीठ विरघळवावयाचे. भरूचपुढे नर्मदेचे जे होते, ते आम्ही न्हाणीघरातल्या बादलीत करू लागलो. 200 लिटरच्या टाकीला सात किलो मीठ लागले, तेव्हा सौभाग्यवतींनी ‘बरणी जरा मोठीच झाली’ एवढाच अभिप्राय दिला.

पुढे मुलाने मुंबईहून एक हिरवा ब्रिटल स्टार आणला. हा तारामाशाचा चुलतभाऊ, कंटकचर्मी प्राण्यांपैकी. मधोमध चकती, तिला पाच लांब काटेरी बाहू आणि तोंड खालच्या अंगाला. विष्ठेला निराळे द्वार नाही; चोथाही तोंडावाटेच बाहेर टाकतो. बाहू कुणी पकडला तर तो तोडून देऊन निसटतो. मागाहून नवा फुटतो. लामार्कने 1816 साली या जातीचे वर्णन केले. ऑफिआरॅक्ना या तिच्या शास्त्रीय नावात ग्रीकमधला सापही आहे आणि कोळीही. रात्री कोळंबीच्या वासाने खडकाखालून सरसरत येणारे बाहू पाहून साप आम्हांस पहिल्याच दिवशी उमगला. कोळी उमगण्यास दोन महिने लागले.

टाकीत नातीचे पाच क्रोमिस मासे होते. एके सकाळी चार उरले, दहा दिवसांनी तीन. नात रडवेली झाली. आम्ही रीतसर चौकशी आरंभिली. क्षारता ठीक, अमोनिया नाही. तेव्हा ठपका ठेवला तो घरकामाच्या बाईंवर. काच पुसताना झाकण उघडे राहिले असणार, मासा उडी मारून बाहेर पडला असणार, मांजराने नेला असणार. “साहब, ढक्कन को मैं हाथ ही नहीं लगाती,” त्या म्हणाल्या. आमचा विश्वास बसला नाही.

त्याच आठवड्यात एका रात्री झोप येईना, म्हणून विजेरीला तांबडा कागद लावून टाकीपाशी बसलो. ब्रिटल स्टार बाहूंच्या टोकांवर उभा होता. चकती उंच उचललेली, खाली काळोखी कमान. निजायला सुरक्षित वाटावी अशी. एक क्रोमिस आडोसा शोधत आत शिरला. बाहू पीळ दिल्यासारखे वळले, चकती हलकेच खाली बसली. सकाळी दोनच मासे होते.

त्या जिवाला दोष कसा द्यावा? त्याने आपल्या जातीचे काम केले. समुद्रात माशाला दुसरा खडक गाठता येतो. येथे चारी बाजूंना काच होती आणि ती आम्हीच बसवली होती. खरी टोचणी निराळीच होती. पुरावा नसताना जो सर्वांत खाली उभा असेल त्याच्या नावे शेरा मारून फाईल बंद करावयाची, ही सवय आमच्यासोबत निवृत्त झाली नव्हती. अशा किती शेऱ्यांखाली आमची सही असेल, हे त्या रात्री मोजवेना.

सकाळी नातीसमक्ष बाईंना सांगितले, की चूक आमची होती. त्या हसल्या नाहीत. टाकीत वाकून बघत म्हणाल्या, “भूखा होगा बेचारा.”

आता तो निराळ्या टाकीत एकटा राहतो. एक दिवसाआड लांब चिमट्याने त्यास कोळंबीचा तुकडा देतो. झाकण आमचे आम्हीच लावतो.