रस्सा तोच

पंढरीची वारी करून आलेला माणूस एक दिवस महाराजांच्या हातून तुळशीची माळ घालून घेतो. त्या दिवसापासून वशाट, म्हणजे मांसाहार, बंद, दारू बंद, एकादशी सुरू. निर्णय त्याचा असतो आणि तो मोठाच असतो. पण दुसऱ्या दिवशी चुलीपुढे बसून आता याच्या ताटात काय वाढायचं, हे ठरवणारी बाई वेगळी असते. मराठवाड्यातल्या गावोगावी हे पिढ्यान्‌पिढ्या घडत आलं आहे. माळकऱ्याच्या निग्रहाचं कौतुक कीर्तनातून होतं, आणि ते व्हायलाच हवं. त्याचं जेवण सांभाळणारीचं नाव मात्र त्या कौतुकात कुठं येत नाही.

जालना जिल्ह्यातल्या घनसावंगीतल्या एका घरात ही वेळ दोनदा आली. आधी सासऱ्यांमुळे, आणि आता लेकीमुळे. दोन्ही वेळा चुलीपुढे घरातली तीच सून होती.

गोदाकाठच्या माहेराहून ती सासरी आली तेव्हा मायनं बरोबर येसरचा डबा दिला होता. चैत्र-वैशाखाच्या उन्हात पापड, कुरडया, सांडगे यांच्या जोडीला येसर होतो. जोंधळा किंवा बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ, उडीद हे सगळं वेगवेगळं खमंग भाजायचं. धने, सुकं खोबरं, लाल मिरच्या, दगडफूल, लवंग, दालचिनी तेलावर परतायची. मग एकत्र दळून आणायचं. प्रमाण घरोघरी निराळं, आणि प्रत्येकीला आपलंच खरं वाटतं. लग्नाच्या पंगतीतली येसरची आमटी याचीच, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, शिजणारा मटणाचा रस्साही याचाच. भाजलेल्या धान्यानं रस्सा दाट होतो, मिरची-मसाल्यानं लाल होतो आणि वर तेलाची तर्री येते. मटण नसलं तरी हे सगळं होतंच. हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं, पण त्याचा उपयोग कळायला सासऱ्यांची माळ यावी लागली.

हा परिसरच माळकऱ्यांचा. मुक्ताईनगरहून निघणारी मुक्ताईंची पालखी जालना, अंबड, बीड करत पंढरपूरला जाते. १६०८ साली समर्थ रामदास ज्या जांब गावी जन्मले ते याच तालुक्यात, आणि नाथांचं पैठण गोदावरीच्याच वरच्या अंगाला. तरी म्हणून सगळा मुलूख शाकाहारी आहे असं नाही. आखाडात वशाट शिजतं, धुळवडीला शिजतं, नवसाच्या कंदुरीला, म्हणजे बोकडाच्या जेवणाला, भावकी जमते. एकाच भिंतीच्या अलीकडे माळ आणि पलीकडे कंदुरी, असं इथलं रोजचं जगणं आहे. सासरेही करीच्या जेवणाचे शौकीन. साठी ओलांडल्यावर एका आषाढीनंतर ते घरी आले आणि म्हणाले, “सूनबाई, आता माझ्यापुरतं वशाट नको. तुमचं तुम्ही खा, माझं म्हणणं नाही.”

अशा घरांत एक ठरलेली वहिवाट असते. बाकीच्यांना मटण, आणि माळकऱ्याला त्या दिवशी पिठलं-भाकर. त्यानं सोडलं ना, मग त्यानं काय आहे ते खावं, असा त्यामागचा हिशेब. पिठलं वाईट नाही. पण ज्या दिवशी सगळं घर तर्रीच्या वासानं भरलेलं असतं, त्या दिवशी घरातल्या कर्त्या माणसापुढे पिठल्याची वाटी सरकवणं तिला पटलं नाही. सोडणारा माणूस वशाट सोडतो. चव सोडल्याचं त्यानं कुठं कबूल केलेलं असतं?

म्हणून करीच्या दिवशी तिनं दुसरं पातेलं चढवलं. त्यात येसर तेवढाच, खोबरं-कांद्याचं वाटण तेवढंच, तेलही तेवढंच. बेसनात ठेचा, जिरं, कोथिंबीर घालून घट्ट शिजवलं, ताटात तेलाचा हात लावून थापलं, वर खोबरं भुरभुरून वड्या पाडल्या. पाटवड्या रश्शात उकळायच्या नाहीत, वाढताना सोडायच्या. नाहीतर विरघळून रश्शाचं पिठलं होतं. सासऱ्यांनी, म्हणजे तिच्या मामांनी, भाकरी कुस्करली, रस्सा ओतला आणि पुन्हा मागितला. काही बोलले नाहीत. त्या घरात पुन्हा मागणं हेच बोलणं होतं.

पाटवड्यांवर वर्ष निघत नाही. मग तिनं एकेक पदार्थ जवळ केला. उकळत्या रश्शात पीठ सोडून केलेल्या डुबुकवड्या, तेलात तांबूस तळून घातलेले सांडगे, कुळथाच्या पिठाचे शेंगुळे. शेवग्याच्या शेंगांची येसर आमटी तर मामांची विशेष आवडती झाली, कारण शेंग चोखून खाता येते. करीच्या जेवणात नळी चोखणाऱ्या माणसाला ते सुख ओळखीचं असतं. हे पदार्थ कुणी शाकाहारी झालं म्हणून शोधलेले नव्हेत. पाऊस नसलेल्या वर्षांनी ते घडवले आहेत. १९७२च्या दुष्काळात मराठवाड्यानं दुष्काळी कामावर खडी फोडून मिलो ज्वारी आणि सुकडीवर दिवस काढले. २०१२-१३मध्ये याच जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. भाजीचं पान मिळत नाही तेव्हा उन्हाळ्यात वाळवलेली डाळ आणि डब्यातला मसाला एवढ्यावर घर जेवतं. अभावातून आलेलं अन्न व्रताच्या ताटात मानानं वाढता येतं, यात कमीपणा मानण्यासारखं काही नाही.

चातुर्मास मात्र खरी परीक्षा घेई. आषाढी एकादशीपासून सासरे कांदा, लसूण आणि वांगंही वर्ज्य करत, ते थेट मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य होईपर्यंत. कांद्याशिवाय रस्सा कसा दाटवायचा? पुन्हा येसरच कामी आला. कांद्याच्या जागी भाजलेलं खोबरं, तीळ आणि शेंगदाण्याचा कूट. या चार-पाच महिन्यांत तिच्या हाताला जे वळण लागलं ते पुस्तकातून आलं नसतं.

पुढे सासूबाईंनीही माळ घातली. त्यानंतरही नातवांसाठी मटण त्याच शिजवत आणि चव बघायला सुनेला हाक मारत. माळकरी बाईच्या हातचं वशाट घरोघरी असंच शिजतं. त्या बाईच्या निग्रहाला पुरुषाच्या निग्रहापेक्षा दुप्पट बळ लागतं, असं या लेखणीला वाटतं. न खाणं एक, आणि रोज हातानं करून न खाणं दुसरं.

एका माणसानं सोडलं की भावकीही बोलते. १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी मुलीच्या बारशाला मटण-दारूची रीत मोडून गोडाचं जेवण घातलं, तेव्हा आप्तांचा रोष त्यांना पत्करावा लागला होता. पंगत बदलणं म्हणजे नात्यातलं देणंघेणं बदलणं, म्हणून लोकांना ते झोंबतं.

आता लेकीचं. ती छत्रपती संभाजीनगरला शिकते. दिवाळीच्या सुट्टीत आली आणि म्हणाली, “आई, मी मटण-अंडी सोडली. मला जीव मारून खायचा नाही.” आजोबांना वाटलं नात माळ घालणार. तिनं शांतपणे सांगितलं, “माळ नाही घालायची, आबा. तुमची एकादशी तुम्ही करा, मला लसणाची चटणी लागते.”

या वेळी काळजी वेगळी होती. सासरे साठीचे होते, ही विशीतली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्यात मटण खाणाऱ्या आणि न खाणाऱ्या दोन्ही आल्या. म्हणजे दोष एकट्या शाकाहाराचा नव्हे. तरी आईनं हिशेब मांडला. दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ५० किलोच्या मुलीला सुमारे ४२ ग्रॅम. दीडशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीतून साधारण १५, पन्नास ग्रॅम तुरीच्या डाळीतून ११, मूठभर शेंगदाण्यांतून ७, आणि उरलेली दूध-दह्यातून. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, ते डाळीत भरपूर. भाकरी आणि वरणाची जोडी जुन्या बायकांनी जमवली ती शरीराच्याही हिताची निघाली. तूरही परकी नाही. याच जिल्ह्यातल्या बदनापूरच्या संशोधन केंद्राचं ‘बीडीएन ७११’ वाण या भागातल्या शेतांत दिसतं.

सोयाबीन तर दारातलंच. पण ते कच्चं किंवा अर्धंकच्चं खाऊन चालत नाही, त्यातले पचनाला अडवणारे घटक चांगल्या उष्णतेनंच निकामी होतात. शेतातलं सोयाबीन तेलगिरणीत जातं आणि तेल काढलेल्या पिठाच्या वड्या होऊन पाकिटातून गावाच्या दुकानात परत येतं. त्या वड्यांत शंभर ग्रॅमला पन्नासेक ग्रॅम प्रथिनं. गरम पाण्यात भिजवून, घट्ट पिळून, येसरच्या रश्शात मुरवल्या की लेक आवडीनं खाते. पिळायचा कंटाळा केला तर मात्र वास राहतो. लोहासाठी मेथी, हरभरा, मटकी, आणि जेवणाबरोबर लिंबू किंवा मोसंबी, कारण क जीवनसत्त्वानं भाजी-कडधान्यातलं लोह अंगी लागतं. बी-१२ हे जीवनसत्त्व मात्र डाळ-भाजीत नसतंच. ते दूध-दह्यातून घ्यायचं, आणि दूधही सोडलं तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्यायची. इथं हट्ट कामाचा नाही, हे आईनं लेकीला स्पष्ट सांगितलं आणि लेकीनं ऐकलंही.

नातेवाइकांचं ऐकणं जास्त अवघड गेलं. कंदुरीच्या जेवणात एका मावशीनं पळी उचलून म्हटलं, “फोडी काढून देते गं, नुसता रस्सा घे.” लेक नको म्हणाली. मग दुसरीनं विचारलं, “पुढं सासरी कसं व्हायचं हिचं?”

सासऱ्यांनी माळ घातली तेव्हा लोकांनी त्यांच्या पाया पडून नमस्कार केला होता. त्यांचं वेगळं कोण रांधणार, हे कुणी विचारलं नव्हतं. ते गृहीतच होतं. तेच मुलीनं केलं तर पहिला प्रश्न सासरचा. आईला हा फरक लख्ख दिसला आणि तिनं तिथंच सांगितलं, “मावशी, तिचं मी डब्यात आणलंय. आणि तिला रांधताही येतं.”

ते खरं होतं. सुट्टीत लेकीनं पाटवड्या स्वतः थापल्या. ती आता खोली करून दोन मैत्रिणींबरोबर राहते, त्यांतली एक मटण खाते, आणि रविवारी एकाच येसरच्या रश्शाची दोन पातेली होतात. या चैत्रात आईनं येसर नेहमीपेक्षा जास्त भाजला. डबा भरताना लेकीनं प्रमाण लिहून मागितलं, तेव्हा आजवर मुठीनं मोजलेलं सगळं दोघींनी वजनकाट्यावर ठेवून वहीत उतरवलं.